घसा तपासणी

"घड्याळ काढ," काका म्हणाले.

"मी नुसतं ऐकायला आलेय ना?"

"ऐकायलाच गं. पण या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला इतकी वर्षं हेच सांगत आलोय, तोंडाला वळण पडलंय. चपलाही बाहेर."

तिने घड्याळ काढलं. माइकपासून दूर, दाराजवळच्या उंच स्टुलावर एक स्टीलची बशी होती. वस्तू ठेवताना आवाज होऊ नये म्हणून आतून जाड कापड चिकटवलेली. बशीत एक काळी हेअरपिन पडली होती, एका टोकाला वाकडी. ती कुणाची हे विचारायची गरज नव्हती. आई दातांनी पिना उघडायची, त्यामुळे घरातल्या सगळ्या पिनांचं एक टोक असंच वाकडं असायचं. पिनेला लागणार नाही अशा बेताने तिने घड्याळ बशीच्या कडेला ठेवलं.

काका हे तसे कुणाचेच काका नव्हते; आई त्यांना दादा म्हणायची. तळघरातल्या या दोन खोल्यांच्या डबिंग स्टुडिओत ते ध्वनिमुद्रण करत. एका खोलीत माइक आणि पडदा, दुसरीत ते आणि त्यांची यंत्रं, मध्ये जाड काच. भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या अंगालाही राखाडी गालिचा ठोकलेला. आत उभं राहिलं की कानात कापसाचे बोळे घातल्यासारखं वाटे.

"किती शांत आहे इथे," ती म्हणाली.

"तुझ्या लायब्ररीपेक्षा जास्त शांतता आहे माझ्याकडे. डबे भरून ठेवलीय."

ही निव्वळ थट्टा नव्हती. टेक संपला की वीस सेकंद कुणी हलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. ती रिकाम्या खोलीची शांतता ते वेगळी मुद्रित करून ठेवत. दोन वाक्यांच्या मध्ये तिचाच जोड द्यावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला ठिगळ कळतं. आईने हे तिला लहानपणी सांगितलं होतं, तेव्हा तिला वाटलं होतं की आई फेकतेय.

आई या खोलीत सव्वीस वर्षं उभी राहिली, आणि त्यातली बरीचशी वर्षं रडली.

सुरुवात गर्दीतल्या आवाजांनी झाली. बाजारातली बाई, शेजारीण, नर्स क्रमांक दोन. मग एकदा कुठल्याशा परदेशी सिनेमाच्या नायिकेला आवाज देणाऱ्या बाईंना रडणं काही जमेना. काकांनी आईला उभं केलं. आई रडली, बाहेर आली आणि डब्यातली उरलेली पोळी खाऊ लागली. तेव्हापासून ते चालूच राहिलं. बोलायच्या दुसऱ्या, रडायची आई. राजकन्या, चेटकिणी, हरवलेल्या मुली, एकदा तर एक डॉल्फिन. स्टुडिओत तिला सगळे रडूताई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. "कुणी डॉक्टर असतं, कुणी मास्तर असतं. मी रडू," ती म्हणायची. सिनेमाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव कधी आलं नाही. रडण्याला श्रेय देण्याची पद्धत नाही.

घरी मात्र ती ठणठणीत कोरडी. कांदा चिरतानासुद्धा तिच्या डोळ्यांत पाणी येत नसे. मुलीचं लग्न झालं, निघताना मुलगीच गळ्यात पडून रडली. आईने तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "पुरे आता, घसा बसेल."

नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले. ते बसडेपोत मेकॅनिक होते. सकाळी दाढी करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. गालाला एकीकडे साबण तसाच. घरात माणसांची रीघ लागली. चौथ्या दिवशी सकाळी मुलगी आल्यागेल्यांना पाणी देत होती, तेवढ्यात आई आतून डबा घेऊन बाहेर आली.

"कुठे निघालीस?"

"कामावर. आज तारीख दिलेली आहे."

"आई, आज?"

"नर्सचं काम आहे. दोन वाक्यं. येते तासाभरात."

माणसं एकमेकांकडे बघत राहिली. आई तासाभरात नाही, अडीच तासांनी आली, आल्या आल्या कुकर लावला. त्या दिवसाबद्दल मुलीने पुढे कधी शब्द काढला नाही. पण तो तिच्या मनातून गेलाही नाही. पुस्तकांतल्या विधवा ती वाचायची, कुणी भिंतीला डोकं टेकून रडायची, कुणी नवऱ्याचा सदरा छातीशी धरायची. आणि आपली आई नर्स क्रमांक दोन म्हणायला निघून गेली. परक्या राजकन्यांसाठी जिच्याकडे एवढं रडू होतं, तिला आपल्या माणसासाठी थोडंसुद्धा काढून ठेवता आलं नाही?

आता आई जाऊन सहा आठवडे झाले होते, आणि तेच रडू तिची पाठ सोडत नव्हतं.

पहिल्यांदा ते दातांच्या डॉक्टरांकडे झालं. बसायच्या खोलीतल्या टीव्हीवर हिरव्या केसांची एक मुलगी झाडाखाली रडत होती. ती उठून उभीच राहिली. तो शेवटी आत ओढलेला श्वास, पायरीवरून पाय घसरावा तसा दोन तुकड्यांत तुटणारा, तो आईचा होता. समोरच्या बाईंनी विचारलं, "दात फार दुखतोय का हो?" मग एकदा शेजारच्या घरातून, भिंतीपलीकडून. मग लायब्ररीत, एका विद्यार्थिनीच्या मोबाइलमधून, "शांतता राखा"च्या पाटीच्या बरोबर खाली. तिने त्या मुलीला बाहेर काढलं आणि स्वतःच पुस्तकांच्या मागे जाऊन उभी राहिली. आईचं बोलणं कुठेच ऐकू येत नव्हतं. रडणं मात्र सगळीकडे होतं, रोज नव्या तोंडातून.

आणि तिला मात्र रडू येत नव्हतं. एकदाही आलं नव्हतं.

मग काकांचा फोन आला होता. "ताईंचं एक काम अर्धं राहिलंय. तू येऊन ऐक, आणि काय करायचं ते सांग. सोमवारी कंपनीला द्यायचंय."

काम कुठलं, हे तिला माहीत होतं. आईला आयुष्यात पहिल्यांदा, बासष्टाव्या वर्षी, नायिका मिळाली होती. एका जपानी ॲनिमे मालिकेतली सरोवरातली मुलगी. दर रविवारी जेवायला वाढता वाढता आई तिला ती गोष्ट सांगायची, शेजारच्या घरात घडल्यासारखी.

"तीनशे वर्षांची आहे, पण दिसते सतराची. कंपनीची पोरगी मला म्हणते, मॅडम, आवाज जरा तरुण हवा. मी म्हटलं, बाई गं, ती माझ्याहून दोनशे अडतीस वर्षांनी थोरली आहे. मीच लहान पडतेय."

सरोवरातली ती मुलगी एका नावाड्याच्या प्रेमात पडते. तिला काठावर येता येतं, पण ती जितक्यांदा पाण्याबाहेर पाऊल टाकते तितक्यांदा तो तिच्याबद्दलची एकेक गोष्ट विसरतो. हे तिला ठाऊक असतं, त्यालाही ठाऊक असतं. तरी ती येते, आणि तरी तो वाट बघतो.

"काल नाव विसरला गं," एका रविवारी आई म्हणाली.

"कोण?"

"कोण काय, नावाडी! आधी तिचं गाणं विसरला, मग केस कसे होते ते, आणि काल नावच. ती समोर उभी, आणि हा विचारतो, आपण कुठल्या? आपण! ज्या तोंडानं 'ए वेडे' म्हणायचा, त्या तोंडानं."

"आई, कार्टून आहे ते."

"असू दे. मला तीनदा थांबावं लागलं. दादा म्हणाले, ताई, पाणी घ्या."

शेवटच्या भागात नावाडी म्हातारा झालेला असतो. ती मात्र तशीच. तो तिला साफ विसरलेला. ती साधी उतारू म्हणून त्याच्या नावेत बसते, त्याच्याकडे पाठ करून, आणि सरोवराच्या मधोमध येईपर्यंत रडते. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून वल्ह्यांच्या आवाजाआड रडते. पडद्यावर ते चाळीस सेकंद चालतं.

त्या चाळीस सेकंदांखेरीज आईने सगळं करून ठेवलं होतं. रडणं नेहमी शेवटच्या दिवशी घेतात, कारण त्याने आवाज फाटतो आणि मग दोन दिवस काही बोलता येत नाही. शुक्रवार ठरला होता. मोठं रडणं असलं की आधीचे दोन दिवस आई तोंडातून शब्द काढत नसे. घसा राखायचा. गरम पाणी प्यायचं, दूधवाल्याला खुणा करायच्या. फोन आला तर उचलायचा आणि रिसीव्हरवर नखाने वाजवायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

बुधवारी दुपारी मुलीने फोन केला होता.

"बोलतेस की टकटक?"

टक.

"रविवारी येऊ ना?"

टक.

"काही आणायचंय?"

टक टक.

त्या दिवशी बाबांच्या डेपोतला एक जुना सोबती लायब्ररीत आला होता. बाबांच्या आठवणी काढून डोळे पुसत गेला. कदाचित त्यामुळे असेल, किंवा पलीकडून उत्तर येणार नाही या भरवशावर असेल, तिने नऊ वर्षांचा प्रश्न विचारून टाकला.

"आई, बाबा गेल्यावर तू कधी रडलीस का गं?"

टक नाही, टक टक नाही. फक्त श्वास. ती थांबली. बराच वेळ थांबली. मग तिला राग आला. "राहू दे, नाटकं पुरेत," असं म्हणून तिने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी गॅसवरचं पातेलं करपल्याचा वास आला म्हणून शेजारीण धावत आली. आई स्वयंपाकघरातच होती. बुधवारपासून ती कुणाशीच बोलली नव्हती. घसा अगदी ताजा होता.

"तीन वाटा आहेत," काका म्हणाले. ते आता काचेपलीकडे त्यांच्या खुर्चीत बसले होते, त्यांचा आवाज हेडफोनमधून कानात येत होता. "मूळ जपानी बाईंचं रडणं उचलता येत नाही, त्यात त्यांचे शब्द मिसळलेत. एक नवी मुलगी बोलावली होती. छान रडली. फार छान रडली, तेच नडलं. नावाड्यालाच काय, दोन्ही काठांना ऐकू गेलं असतं. दुसरी वाट म्हणजे ताईंचे जुने तुकडे. माझ्याकडे दोनशेच्या वर आहेत. ऐकतेस?"

त्यांनी एकामागून एक ऐकवले. प्रत्येक तुकड्याच्या आधी आईचा कामाचा, खणखणीत आवाज. "भाग सात, रडणं, दुसरं." "भाग अकरा, हुंदका, पहिला." आणि लगेच रडू. हिरव्या केसांची मुलगी आली. भिंतीपलीकडची आली. डॉल्फिन आला, तेव्हा दोघं हसली.

"यातलं कुठलंही नको," ती म्हणाली. "ही सगळी ऐकून झालीयत काका. दुसऱ्यांना दिलेली आहेत."

काकांनी मान हलवली. खणातून त्यांनी एक जुनी, लांबोडकी वही काढली आणि पान उघडून काचेला लावून धरली. त्यांचंच अक्षर. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, बाबा गेले त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची. पुढे दोन नोंदी होत्या.

ताई – घसा तपासणी – १९ मिनिटे.

ताई – नर्स २ – १ टेक.

"त्या दिवशी रडण्याचं काम नव्हतंच," काका म्हणाले. "दोन वाक्यं होती. ताई आत गेल्या, घड्याळ काढलं आणि मला म्हणाल्या, दादा, मशीन चालू ठेवा, घसा ठीक आहे का बघायचंय. मी मशीन चालू केली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. इथे काचेपाशीसुद्धा थांबलो नाही."

"तुम्ही ऐकलंत नंतर?"

"नाही. टेपवरून डिस्कवर घेतलं, त्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर. तीन वेळा यंत्रं बदलली. दर वेळी सोबत नेलं, ऐकलं नाही. ते कामाचं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पण तूही विचार कर. यातले चाळीस सेकंद घेतले, तर कुणाला कळणारही नाही. ही तिसरी वाट."

"लावा," ती म्हणाली.

काकांनी कळ दाबली आणि ते उठून बाहेर गेले. दार लागल्याचा आवाजही आला नाही.

"घसा तपासणी," आई म्हणाली. तोच कामाचा आवाज. मग कापडाची सळसळ, मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की तिला वाटलं डिस्क बिघडली.

आणि मग ते सुरू झालं. तिने डोळे मिटून घेतले. हे रडणं तिच्या ओळखीचं नव्हतं. दोनशे तुकड्यांपैकी एकाशीही त्याचं नातं नव्हतं. यात तो सुरेख तुटणारा श्वास नव्हता. खोकल्यासारखं, उलटी यावी आणि येऊ नये तसं, घोगरं, अडखळणारं, कुणाला ऐकवण्याजोगं नसलेलं. मधेच आई बोलत होती, अर्धवट. "साबण तरी पुसायचा होता... साबण पुसायचा राहिला." पुन्हा तेच. बाबांच्या गालावरचा साबण. तो मुलीने ओल्या टॉवेलने पुसला होता, आई तेव्हा डॉक्टरांना आणायला धावली होती. ते आईला कधी कळलंच नव्हतं. तिने कधी सांगितलंच नव्हतं.

"पुसला गं, मी पुसला," ती मोठ्याने म्हणाली. कोंडलेल्या खोलीने तिचा आवाज जागच्या जागी गिळला.

एकोणीस मिनिटं ती तशीच उभी राहिली. शेवटी आईने नाक शिंकरलं, घसा साफ केला, दार किलकिलं करून हाक मारली. "दादा, झालं हो. घसा ठीक आहे. नर्सचं घ्या." काकांची पावलं वाजली. मग स्वच्छ, टवटवीत, धावत आल्यासारख्या आवाजात आई म्हणाली, "डॉक्टर, लवकर या! पेशंटनं डोळे उघडले!"

एका टेकमध्ये झालं होतं.

काका परत आले तेव्हा ती बशीतल्या पिनेकडे बघत होती. तिचे डोळे कोरडे होते.

"काय करू या?" त्यांनी विचारलं.

"हे नको, काका. हे बाबांचं आहे."

"बरं." त्यांनी वही मिटली. ती असंच काहीतरी म्हणेल हे त्यांना ठाऊक असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "मग त्या नव्या मुलीलाच पुन्हा बोलावतो. हळू रड म्हणून सांगतो."

"आई काय सांगायची? रडायचं कसं, म्हणून?"

"ताई?" काका हसले. "म्हणायच्या, दादा, रडायचं नसतंच. रडू येऊ द्यायचं नाही, त्यासाठी जी झटापट चालते ना, तेवढीच माइकला द्यायची."

तिने पडद्याकडे बघितलं.

"मी करून बघू?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. गळा आईसारखा आहे, आवाज आईसारखा आहे, असलं काही ते बोलले नाहीत. त्यांनी दिवा मंद केला आणि पडद्यावर चित्र लावलं. "पाठमोरी आहे, ओठ दिसत नाहीत. वल्ह्याशी जमवून घ्यायचं फक्त. वल्हं पाण्यात शिरलं की सोड, वर आलं की आवर. आधी भाग आणि टेक सांग."

"भाग चोवीस," ती म्हणाली. "रडणं. पहिलं."

पडद्यावर सरोवर आलं. करड्या पाण्यावर एक लहानशी नाव. पुढच्या टोकाला ती मुलगी, मागे तो म्हातारा. त्याने सहज विचारलं, कुठे उतरायचं? तिने हाताने दाखवलं, त्या पलीकडे. तोंड वळवलं नाही. वल्हं पाण्यात शिरलं.

ग्रंथपालबाईंचा सगळा जन्म आवाज न करण्यात गेला होता. तिने ओठ मिटले, तळहात गळ्याच्या खाली दाबून धरला आणि आवाज होऊ दिला नाही. वल्हं वर आलं, पुन्हा शिरलं. टक नाही, टक टक नाही, फक्त श्वास. त्या श्वासाला तिने म्हटलं होतं, नाटकं पुरेत. वल्हं शिरलं आणि तिच्या आतून काहीतरी निघालं. ती ते दाबायला गेली आणि ते दोन तुकड्यांत तुटलं, पायरीवरून पाय घसरावा तसं. पुढचं तिला पडद्यावर नीट दिसलं नाही. वल्ह्याच्या आवाजावरूनच ती सोडत राहिली आणि आवरत राहिली. नाव सरोवराच्या मधोमध पोहोचली. म्हातारा वल्हवत राहिला. त्याला काही ऐकू आलं नाही.

चित्र थांबलं. काचेपलीकडे काका मान खाली घालून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी माइकची कळ दाबली.

"आणखी एक घेऊ या?"

बोलता येईल असं तिला वाटलं नाही. तिने स्टँडच्या लोखंडावर नखाने वाजवलं.

टक टक.

काकांनी मान डोलावली आणि हात वर केला. खोलीची शांतता घ्यायची होती, वीस सेकंद. ती अनवाणी तशीच उभी राहिली, गालावरचं न पुसता. हात हलवला असता तर बाहीची सळसळ आली असती. बशीत पिनेच्या शेजारी तिचं घड्याळ चालू होतं. पण इथून ते ऐकू येत नव्हतं.